खातरीअण्णांची सुई

खातरीअण्णांचं रक्त घ्यायचं म्हणजे आधी मला परीक्षा द्यावी लागे. कर्जतला लागून असलेल्या दहिवलीत माझं रक्त-लघवी तपासायचं छोटं केंद्र आहे. तिथे खुर्चीत बसले की अण्णा आधी सुईचं पाकीट बंद आहे का ते बघत. मग नळी उजेडाकडे धरून ती रिकामी आहे का ते बघत. मी नळीवर चिकटवलेलं नाव चष्मा लावून वाचत आणि माझंच पेन घेऊन त्या नावाखाली आपली सही ठोकत. एकदा मी वैतागून म्हटलं, "अण्णा, मी तुमच्याच गावची पोर. माझ्यावरही भरवसा नाही?" ते शांतपणे म्हणाले, "तुझ्यावर हाय गं सुले. पण नळ्या समद्या सारख्याच दिसतात. त्याची खातरी काय?"

हा प्रश्न ते दिवसातून इतक्या वेळा विचारत की आमच्या पोशीरमध्ये त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर तेवढं उरलं होतं. बाकी सगळ्यांना ते खातरीअण्णा. गेल्या वर्षी गेले. गावातली माणसं त्यांची आठवण निघाली की हसतात, मीही हसते. पण मला त्यांच्या शेवटच्या तीन वर्षांतलं जे माहीत आहे ते बाकीच्यांना नाही, म्हणून हे लिहायला बसले.

अण्णा नेरळच्या बाजूला एका भाताच्या गिरणीवर मापाडी होते. पोतं काट्यावर चढवण्याआधी त्यात टोकदार लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे बाहेर काढायचे, ते दाताखाली फोडून बघायचे आणि मगच वजन करायचं, हे त्यांचं काम. दुसरे मापाडी नळी वरून खुपसत. अण्णा पोतं आडवं पाडून बुडातून खुपसत. "वरचं काय, वरचं दाखवायलाच भरलेलं असतंय," असं त्यांचं म्हणणं. काढलेला नमुना कागदाच्या पुडीत बांधून, पुडीवर तारीख आणि गावाचं नाव घालून फळीवर ठेवून देत. शेतकरी चिडायचे. "अण्णा, आमाला काय चोर समजता?" असं कोणी विचारलं की म्हणत, "तुला नाय रं काय समजत. भाताला ओलं समजतो." यावर भांडणार तरी काय?

त्यांची दुसरी करामत थप्पीची होती. गोदामात पोत्यांची थप्पी लागली की अण्णा दारात उभे राहून, एक बोटही न हलवता, तिच्यात किती पोती आहेत ते सांगत. समोर दिसणारी तर सांगतच, मागच्या रांगेत आतून पोकळी ठेवली असेल तर तीही सांगत. मी शाळेत असताना एकदा त्यांना विचारलं होतं, न दिसणारी पोती कशी मोजता? म्हणाले, "दिसतात. तू डोळ्यानं बघतेस म्हणून तुला दिसत नायत." या गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि तो त्यांना शोभायचा.

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाने सांगितलं की तो साजगावच्या एका कारखान्यात कामाला आहे. माझ्या वडलांनी ते मान्य केलं. अण्णांनी केलं नाही. दोन दिवस ते त्या कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर जाऊन बसले आणि पाळी सुटताना बाहेर पडणारा प्रत्येक चेहरा बघत राहिले. तिसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर येऊन म्हणाले, "पोरगा खरं बोलतोय. चालताना डावा पाय जरासा ओढतो, तेवढं सांगितलं नव्हतं." लग्नाला आता बावीस वर्षं झाली. नवऱ्याचा डावा पाय आजही मला आधी दिसतो.

हे सगळं मी कौतुकाने सांगते आहे. पण असा माणूस घरात असणं म्हणजे काय असतं, ते काकूंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, विचारायला हवं होतं. ते आम्ही कोणीच विचारलं नाही. काकू कमी बोलायच्या. त्यांचं कमी बोलणं आम्ही समाधान समजून चाललो.

सत्तरीच्या आसपास अण्णांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन घ्यायचं. त्याने अंगातलं पुरुषी हार्मोन बंद पडतं आणि त्याच्यावर पोसणारा रोग उपाशी राहतो. अण्णांनी तिथेही सुईचं पाकीट उलटंपालटं केलं, पण घेतलं. पहिले तीन महिने काही झालं नाही. मग घाम सुरू झाला. माघ महिन्यात, माणसं शेकोटीला बसलेली असताना, अण्णा बंडी काढून ओटीवर पुठ्ठ्याने वारा घेत बसत. मग एक दिवस शेजारच्या गायीने वासराला चाटलं हे बघून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोक हसले. अण्णांनी गायीकडे पाठ फिरवली.

आणि मग थप्पी चुकली. गिरणीच्या मालकाने जुन्या सवयीने त्यांना दारात उभं करून विचारलं, आणि अण्णांनी सांगितलेला आकडा चांगला वीस पोत्यांनी चुकला. पुन्हा बघितलं, पुन्हा चुकला. मालक म्हणाला, राहू दे अण्णा, वय झालं. अण्णा घरी निघून आले. वय झालं असं त्यांना वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण अण्णांना आयुष्यात कधी पहिलं कारण पटलेलं नव्हतं.

दीडएक महिन्यांनी, सकाळी मी केंद्र उघडत होते, तर अण्णा पायरीवर बसलेले. हातात कापडी पिशवी. आत आले, पिशवी टेबलावर उपडी केली. पन्नास-साठ कागदाच्या पुड्या. प्रत्येक पुडीवर तारीख, आणि गावाच्या नावाच्या जागी लिहिलेलं: सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी एक सोडली. आत वाळलेला भात आणि भाजीचा चोथा. दुसरीत भाकरीचा तुकडा. मुंग्या टेबलभर झाल्या.

"हे काय आहे अण्णा?"

"नमुने. तपास."

"कशाचे?"

ते दाराकडे बघून हळू बोलले. "ही मला जेवणातून काय तरी घालते. बायकांचं औषध. माझ्या अंगावर केस राह्यले नायत, छाती दुखते, रडू येतं. थप्पी मोजता येत नाय. सुईनं एवढं होत नाय, सुई तीन महिन्यांतून एकदा. जेवण रोज." आणि मग, "मी पाच दिवस हिच्या हातचं खाल्लं नाय. केळी खातो. आन् पुढची सुई बी घेनार नाय. सुई का जेवण, दोगांत कोन खोटं ते समजल्याशिवाय नाय."

मला हसू आलं नाही. पुढची सुई अकरा दिवसांवर होती. ती चुकली तर रोग पुन्हा पोट भरून जेवणार, हे मला समजत होतं. शिवाय समोर बसलेला हा माणूस केळ्यांवर वाळत होता, आणि चाळीसेक वर्षं ज्या बाईने त्याला जेवायला घातलं तिच्यावर विष घातल्याचा आळ घेत होता. मला राग आला. तरी रागावून उपयोग नव्हता. त्यांना ओरडून पटलं असतं तर ते खातरीअण्णा झालेच नसते.

मी म्हटलं, "माझ्याकडे भात तपासता येत नाही. रक्त तपासता येतं. तुमचं तपासते आणि काकूंचंही. दोघांचे हार्मोन समोर ठेवू, मग बोला." त्यांना ते पटलं. काकूंना मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि खरं ते सांगितलं. आळाचं ऐकून त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त हात पुढे केला. "घे. त्यांचा संशय मला काय नवा नाय."

दंडाला रबरी पट्टी बांधताना मी विचारलं, नवा नाही म्हणजे? तेव्हा पहिल्यांदा समजलं. पंधरा वर्षांपूर्वी काकूंची पाळी जात होती. बसल्या जागी अंगाचा भडका व्हायचा, रांधता रांधता हातातलं टाकून त्या मागच्या दाराने ओढ्यावर जायच्या आणि पाण्यात पाय सोडून बसायच्या. बोलता बोलता शब्द हरवायचे. परातीला काय म्हणतात तेच आठवेना, भाच्याला भलत्याच नावाने हाक मारायच्या. अण्णांनी ते बघितलं. भर दुपारी बायको ओढ्यावर जाते, विचारलं की गडबडते, नावं चुकते. त्यांनी आपल्या पद्धतीने हिशोब मांडला: ओढ्यावर हिला कोणीतरी भेटतं. गिरणीवर जाताना मागच्या आणि पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ल्या करगोट्याला बांधल्या.

"किती दिवस?" मी विचारलं.

"होळी ते आखाड," काकू म्हणाल्या. "वर पत्रा. मी मोरीत बसायची, डोक्यावर ओला पंचा घेऊन."

मी सुई टोचायची विसरले होते. काकूंनीच आठवण केली.

अहवाल आला तो मी दोघांना एकदमच दाखवला. अण्णांचं पुरुषी हार्मोन जवळजवळ नाहीसंच झालेलं, आणि काकूंच्या रक्तात, बायकांच्या रक्तात असतं तेवढं थोडं. पण ते थोडंही अण्णांच्यापेक्षा जरा जास्तच. बायकांचं हार्मोनही अण्णांच्या रक्तात वाढलेलं नव्हतं, म्हणजे जेवणातून काही जात नव्हतं. अण्णांनी कागद उलटा केला, मागे काही लिहिलंय का बघितलं. "नळ्या बदलल्या असतील." मी त्यांची नळी जपून ठेवली होती. त्यावर त्यांचीच सही. ती त्यांनी उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाले, "हे सुईनं होतंय का, ते त्या बाईच्या तोंडून ऐकायचंय. हिला बी घेऊन."

म्हणून आम्ही तिघं पनवेलला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुड्यांचंही, आणि हसल्या नाहीत. म्हणाल्या, हो, हे इंजेक्शननेच होतं, आणि मी आधी नीट सांगायला हवं होतं. मेंदूचे वेगवेगळे भाग सतत एकमेकांशी बोलत असतात. हार्मोन त्या बोलण्यावर परिणाम करतात, कुठे ते वाढतं, कुठे कमी होतं. आणि बाईच्या मेंदूत जे होतं तेच, त्याच जागी, पुरुषाच्या मेंदूत होईल असं नाही, असं आता दिसायला लागलं आहे.

"दिसायला लागलंय, म्हंजे अजून दिसलं नाय," अण्णा म्हणाले.

"बरोबर."

"किती माणसं तपासली?"

"ठिकठिकाणी वेगवेगळी. काही ठिकाणी अगदी थोडी."

"माझ्या वयाची, ही सुई घेणारी?"

"त्याहून थोडी."

"आन् हिच्यासारख्या बाया?"

"त्यांच्याकडे तर किती वर्षं कोणी नीट बघितलंच नाही."

अण्णा खुर्चीत जरा पुढे सरकले. मला ती हालचाल ओळखीची होती. पोत्यात ओल सापडली की ते असेच सरकायचे. आमच्या गावच्या ग्रुपवर मध्ये एक चित्र फिरत होतं, एक गुलाबी मेंदू, एक निळा, आणि खाली बायकांवरचा विनोद. ते अण्णांनी मोबाइलवर काढून त्यांच्यापुढे धरलं. "मंग हे काय?"

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे फरक नाही असं नाही. पण सरासरीत थोडा फरक असतो आणि माणसामाणसांत त्याहून जास्त. तुमची थप्पी चुकली ती या सुईमुळेच, असं मी तुम्हाला एकट्याला छातीठोक सांगू शकत नाही. तशी शक्यता आहे, एवढंच."

मला वाटलं संपलं, आता अण्णा उठणार. पण ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ही बाई खरं बोलते." ज्या माणसाने 'मला माहीत नाही' म्हटलं त्याच्यावर अण्णांचा विश्वास बसे, हे मला तेव्हा उमगलं. तरी सुईचं नाव त्यांनी काढलं नाही. म्हणाले, अंगाला हे जे होतं ते दुसऱ्याला सांगून समजायचं नाय.

तेव्हा काकू बोलल्या. भिंतीकडे बघत बोलल्या. "आदी छातीत धग लागते. मंग मानेवर चढते, कान तापतात. मंग घाम सुटतो आन् लगेच हुडहुडी. आन् त्या सगळ्याच्या आदी, अगदी जरासं आदी, भेव वाटतं. कशाचं ते समजत नाय."

अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. "भेवाचं मी कोनाला बोललो नाय."

"नाय बोललात."

"तुला कसं ठावं?"

"मला झालंय. दोन वर्सं होत होतं."

"मंग तवा बोलली का नाय?"

"तुमी विचारलं नाय," काकू म्हणाल्या. "कुलूप लावलंत."

डॉक्टरीणबाई टेबलावरचे कागद उगाच सरळ करू लागल्या. मी खिडकीतून खालच्या रिक्षा बघितल्या. अण्णांनी सदऱ्याची बटणं सोडली, पोट उघडं केलं आणि म्हणाले, "द्या सुई." तारखेला अजून दोन दिवस होते, तरी त्यांनी ती दिली. पाकीट अण्णांनी बघितलं नाही. घरी जाऊन ते काकूंच्या हातचं जेवले. पंक्तीला मीही होते. मुगाचं बिरडं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सगळ्यांना सांगत सुटले असते. पण पुढच्या महिन्यांत अण्णा काकूंसमोर रडू लागले. कधी भाकरी पुढे आली की, कधी मागच्या दाराकडे बघून. "मी तुला कोंडलं गं," म्हणत आणि हुंदके देत. मी काकूंना म्हटलं, चला, उशिरा का होईना, समजलं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं जसं अण्णा ओल्या पोत्याकडे बघत.

"ह्ये रडतात का सुई रडते?" त्या म्हणाल्या. "वासरू बघून बी रडले होते."

 मी डॉक्टरीणबाईंना फोन करून तेच विचारलं. हार्मोन गेल्यावर रडू लवकर येतं, हे खरं, त्या म्हणाल्या. त्या रडण्याच्या खाली काय असतं, ते रक्ताच्या नळीत दिसत नाही. काकू अण्णांचं सगळं करत होत्या. मानेला ओलं फडकं, संध्याकाळनंतर चहा बंद, सुती बंडी, हे सगळं त्यांनीच त्यांना शिकवलं. पण त्यांच्या रडण्यापाशी थांबत नव्हत्या. रडू आलं की उठून आत जायच्या. मला ते कठोर वाटायचं, आणि त्याच वेळी वाटायचं, कठोर का असू नये? ज्याने त्यांचं खरं कधी मानलं नाही, त्याचं रडणं त्यांनी लगेच खरं का मानावं?

वर्षभराने रोग चांगला दबला आणि डॉक्टरीणबाईंनी सुई काही महिने बंद ठेवू म्हणून सांगितलं. अंगातलं हार्मोन हळूहळू परत येईल म्हणाल्या. हे ऐकून काकूंचा चेहरा बदलला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "आता बघू."

त्या बघत राहिल्या. एवढ्या सावधपणे नवऱ्याकडे बघणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. दर महिन्याला अण्णांना घेऊन यायच्या आणि अहवालातला तो एकच आकडा विचारायच्या. पहिले चार महिने तो हललाच नाही. मग हलला. घाम थांबला. अण्णांच्या आवाजाला धार आली. टोमॅटोवाल्याशी त्यांचं भांडण झालं. एक दिवस गिरणीवर जाऊन थप्पीपुढे उभे राहिले आणि दोन पोत्यांचीच चूक केली. आणि रडणं बंद झालं. पूर्ण बंद. मागच्या दाराने येता-जाता त्यांचे डोळे भरेनासे झाले, कुलपाचा विषय निघेना. काकूंनी मला एवढंच सांगितलं, "बघ, मी बोलले नव्हते?" त्या हसत होत्या. मला ते हसणं बघवेना.

आठव्या महिन्यातला आकडा त्यांच्या वयाच्या पुरुषाला शोभेल असा आला. तो कागद मी दिला तेव्हा काकूंनी घडी घालून कमरेला खोचला आणि गेल्या. त्यानंतर काय झालं ते त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. अण्णा तोवर गेले होते, त्या रोगाने नाही, हृदयाने, दुपारी झोपेत. दिवसकार्य उरकल्यावर मी काकूंपाशी बसले होते आणि त्या आपणहून बोलल्या.

त्या दिवशी घरी पोचल्यावर अण्णा ओटीवर विडी वळत बसले होते. काकू समोर उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला तपासलं. "ते कुलपाचं," त्यांनी विचारलं, "अजून वाईट वाटतं का?"

अण्णांनी विडी खाली ठेवली.  काकू मला म्हणाल्या, डोळे कोरडे होते, मी नीट बघितले.

"वाटतं," अण्णा म्हणाले. "आता रडू येत नाय. पण वाटतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हटलं, वाटू दे," काकू म्हणाल्या. "आन् त्यांच्या बाजूला बसले."